मुद्दाम चुकणारे सर

वाटूरच्या आमच्या शाळेत गणिताचे एक सर आहेत. आपली चूक आपणच कशी धरायची हे पोरांना दाखवायला ते फळ्यावर मुद्दाम चुकतात. मग स्वतःचाच कान धरून मोठ्यानं म्हणतात, “थांब. घाई करून राह्यलो मी. उदाहरण परत वाचतो.” पोरं इतकी मन लावून बघतात, की चूकसुद्धा वहीत उतरवतात आणि सरांसारखीच खोडतात.

परवा मी त्यांचा तास बघायला मागं बसलो होतो. सर खरोखर चुकले आणि तसेच पुढं गेले. पहिल्या बाकावरची मुलगी आपला कान धरून उठली. “थांबा सर. घाई करून राह्यले तुम्ही. उदाहरण परत वाचा.”

सरांनी फळा पुसला.

चहाच्या वेळी मला म्हणाले, “मुद्दाम चुकल्तो मी.” कान लालबुंद झाले होते. ते धरायचं मात्र सर विसरले.