दिसून नाही राहिली

कॉम्प्युटरची स्क्रीन काळी पडली की माणसं काय करतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. बटण दाबून धरतात, मशीन बंद करतात, पुन्हा चालू करतात, आणि तरीही काळीच राहिली तर डब्यावर एक थाप मारतात. आमचे सर यातलं काही करत नसत. ते स्क्रीनकडे पाहतच नसत. खुर्ची ओढून बसायचे, कीबोर्डवरच्या कॅप्स लॉकवर बोट ठेवायचे आणि कोपऱ्यातल्या बारीक हिरव्या दिव्याकडे पाहायचे. कळ दाबली की दिवा लागला, पुन्हा दाबली की विझला, एवढं दिसलं की मान हलवून म्हणायचे, "मेली नाही. दिसून नाही राहिली."

मग आणखी दोन-तीन कळा एकदम दाबायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उगवायची आणि सर कामाला लागायचे.

आमगावच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. विकतची सिस्टीम घेणं कॉलेजला झेपत नव्हतं, म्हणून लॅबमधल्या सगळ्या मशीनवर त्यांनी लिनक्स टाकलं होतं. ते फुकट मिळतं, आणि त्याच्या आत काय लिहिलंय ते कोणालाही उघडून वाचता येतं, याचं सरांना फार अप्रूप होतं. मुलं त्यांना मागे "दिवा सर" म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. मागच्या बाकावर गडबड झाली की फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "दिवा पाहून राहिला हां."

मी कामठ्याहून येत असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणीला जायचे. पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, "मॅडम, बसा ना." मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे भिंत होती. त्यांच्यासाठी सगळ्या मुली मॅडमच होत्या, पण मला तोवर कोणी तसं म्हटलं नव्हतं, आणि तो शब्द मी त्या दिवशी एसटीत बसून घरापर्यंत नेला.

तेव्हा मला आमच्या बोलीची लाज वाटे. मी "जाऊन राहिली" म्हटलं की शहरातून आलेल्या मुली हसायच्या. मी "जातेय", "दिसत नाहीये" असं बोलायला शिकले. सर मात्र वर्गातही तसंच बोलत. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही असं का बोलता?"

"काऊन? चुकलं का?" ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "मॅडम, 'मेली' म्हटलं का काम संपलं. 'दिसून नाही राहिली' म्हटलं का अजून काही चालू आहे. जे चालू आहे त्याचं काही करता येते."

ड्रायव्हर म्हणजे काय, हेही त्यांनी असंच समजावलं होतं. चित्र दाखवणारं कार्ड एक भाषा बोलतं, सिस्टीम दुसरी. "गोंदियाच्या बाजारात आपली पोवारी बोलणारी म्हातारी गेली अन् दुकानदार हिंदीवाला, तं मधात कोणी लागते ना? तो ड्रायव्हर. तो नसला तं दोघंही खरं बोलून राहिले, पण काही पोचून नाही राहिलं." एरर आली की आम्ही घाबरून ती खिडकी बंद करायचो. सर हात धरायचे. "वाचा, मॅडम. तो ओरडून नाही राहिला. सांगून राहिला."

त्यांचं घर कॉलेजपासून जवळच होतं. काकू, म्हणजे त्यांची बायको, भारी बोलघेवड्या. सर कधी घरी नेत तेव्हा ते एका कोपऱ्यात बसत आणि काकूच बोलत. "घरात आवाजाचं खातं हिच्याकडे," सर म्हणायचे, "माझ्याकडे फक्त चित्राचं."

"तुमच्या सरांले विचार, काल भाजीत मीठ होतं का," काकू मला म्हणाल्या होत्या. "मी टाकाले विसरली अन् यांनी दोनदा घेतली."

"चांगली होती," सर म्हणाले.

"पाहा. यांले मीठ नाही समजत, बायको काय समजन."

मी पदवीधर झाले आणि सरांनीच शब्द टाकून मला त्याच लॅबमध्ये सहायक म्हणून घेतलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. एक बाजू गेली, वाचा गेली. गोंदिया झालं, नागपूर झालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. काकू बाजेवर पडून छताकडे पाहत असत. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

चिचगडहून काकूंचा धाकटा भाऊ आला. भला माणूस. ओसरीवर बसून त्यानं सरळच सांगितलं, "भाऊजी, तुम्ही दिवसभर कॉलेजात. शेजारची बाई येऊन पाहून जाते. तिकडं माय आहे, माही बायको आहे. बहिणीले काही समजून नाही राहिलं. मंग इथं काय अन् तिथं काय? मी नेतो तिले."

"समजून राहिलं का नाही, ते तिले विचारू," सर म्हणाले.

"सांगन कशी?"

सर भावाला घेऊन आत काकूंच्या बाजेपाशी गेले आणि चालू मशीनचा कीबोर्ड तिथवर ओढला. काकूंचा डावा हात त्यांनी उचलला, पहिलं बोट कॅप्स लॉकवर ठेवलं. म्हणाले, "ऐकून राहिली असशीन तं दाब."

दिवा लागला.

"हात असाच हलते भाऊजी," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं ना." तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. एका दिव्यावरून काय सांगणार? जाताना तो म्हणाला, "धानाची कापणी झाली का गाडी घेऊन येतो."

त्या दिवसापासून सरांना एकच गोष्ट करायची होती. काकूंना कुठं राहायचं आहे, ते काकूंनाच विचारायचं.

प्रोग्राम त्यांनी लिहून काढला होता. पडद्यावर मोठी मोठी अक्षरं, त्यांच्यावरून सरकत जाणारी एक पिवळी चौकट. हव्या अक्षरावर चौकट आली की कळ दाबायची. पण घरचा मॉनिटर लहान, अंधूक, आणि काकूंची मान त्या बाजूला वळत नसे. बाजेच्या पायथ्याशी त्यांचा मोठा टीव्ही होता. मशीनमधल्या ग्राफिक्स कार्डाला टीव्हीची वायर लावायची जागाही होती. अडचण ही की लिनक्सबरोबर आलेला साधा ड्रायव्हर त्या कार्डाचं चित्र फक्त मॉनिटरवर दाखवत होता. टीव्हीपर्यंत चित्र न्यायला कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर लागणार होता.

तो आणायला सर गोंदियाला गेले, कारण आमच्याकडे इंटरनेट रडतखडत चाले. पेनड्राइव्हवर घेऊन आले, घरी चालवला. त्यानं सांगितलं, तुमच्या सिस्टीमच्या अमुक फायली हव्यात. सर पुन्हा गोंदियाला. त्या फायली आणल्या, तर त्यांची आवृत्ती सिस्टीमशी जुळेना. पुन्हा गोंदिया. सायबर कॅफेवाला हसून म्हणे, "सर, फिर आ गए? इतने में तो गाड़ी की ड्राइवरी सीख जाते."

अखेर एका रविवारी ड्रायव्हर बसला. मशीन पुन्हा चालू केली आणि मॉनिटर, टीव्ही, दोन्ही काळे.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी सवयीनं बोट ठेवलं. दिवा लागला, विझला. पण नेहमीचं वाक्य ते बोलले नाहीत. बाजेकडे पाहत तसेच बसून राहिले. काकूंचे डोळे छताला. बाहेर कोणाच्या तरी अंगणात धान झोडल्याचा आवाज येत होता. कापणी संपत आली होती.

"सर, वाचू या," मी म्हणाले.

सरांनी त्या दोन-तीन कळा दाबल्या, पांढरी अक्षरं उगवली आणि आम्ही वाचलं. ओळ न ओळ, मोठ्यानं. इंग्रजी माझं कच्चं होतं, शब्द अडला की सर सांगत. बऱ्याच खाली गेल्यावर कळलं की आधीचा साधा ड्रायव्हर अजून आतच होता आणि मशीन सुरू होताच तोच कार्ड पकडून बसत होता. "एका खुर्चीवर दोघं बसून राहिले," सर म्हणाले आणि त्यांचा आवाज परत आला. जुन्याला उठवलं. टीव्हीवर चित्र आलं, पण रंग नाही, आणि सारखं खालून वर पळतंय. ड्रायव्हरच्या सोबतच्या माहितीत शोधता शोधता एक ओळ मला सापडली. टीव्ही कोणत्या देशाच्या पद्धतीचा, ते वेगळं सांगावं लागत होतं.

"म्हणजे आमच्या टीव्हीले अमेरिकेचा समजून राहिला होता," सर म्हणाले. एक शब्द बदलला. चित्र थांबलं. पिवळी चौकट 'अ' वरून 'आ' वर गेली, आणि काकूंचे डोळे छतावरून खाली आले.

भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा मीही तिथं होते. सरांनी त्याला बाजेशेजारी बसवलं. पडद्यावर फक्त दोन शब्द ठेवले, 'हो' आणि 'नाही'. मग काकूंकडे वाकून विचारलं, "चिचगडले जाशीन?"

चौकट 'नाही' वर आली, पुढं सरकली. 'हो' वर आली. कळ वाजली.

सरांनी शब्दांची जागा बदलली. चुकून बोट पडलं नाही ना, याची ते नेहमीच खात्री करून घेत. पुन्हा विचारलं. पुन्हा 'हो'.

भाऊ खाली पाहू लागला. इतके दिवस ज्या उत्तरासाठी सर गोंदियाच्या चकरा मारत होते, ते उत्तर हे होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. मग सगळी अक्षरं पडद्यावर आणली आणि विचारलं, "काऊन?"

अक्षरांवरून चौकट फिरायला फार वेळ लागे. आम्ही तिघं टीव्हीकडे पाहत होतो. आधी 'म' आला. भाऊ पुटपुटला, "माय. मायसाठी." पण पुढं वेलांटी आली, दीर्घ. मग चौकट कितीतरी अक्षरं ओलांडून 'ठ' वर थांबली.

मीठ.

भावाला काही कळलं नाही. सरांना कळलं. महिनोन्‌महिने सरच तर घरात रांधत होते. ते हसायला लागले, आणि काकूंच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली. सर हसतच राहिले, मग तोंडाला रुमाल लावून मागच्या अंगणात गेले. परत आले तेव्हा भावाला म्हणाले, "चला, बाज धरा. विचारलं तं ऐका लागते."

काकूंनी ते खरंच मिठासाठी म्हटलं, की सरांचा भार हलका करावा म्हणून, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. सरांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

टीव्ही आणि मशीन त्याच गाडीत गेले. सर आधी दर सुट्टीला चिचगडला जात. मग नोकरी सोडून तिकडेच राहिले, तिथल्या मुलांना शिकवू लागले. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. काही वर्षांनी निरोप आला. तापाचं निमित्त झालं आणि सर गेले. काकूंच्या आधी.

मी भेटायला गेले. काकू बाजेवर होत्या, पायथ्याशी तोच टीव्ही, काळा. भाऊ म्हणाला, "भाऊजी गेले अन् हेही मेलं. आम्ही किती खेपा चालू केलं. तिले काय पाह्यजे, काही समजत नाही."

म्हणजे सर गेल्यापासून काकू काहीच बोलल्या नव्हत्या. नवरा गेलेल्या बाईला कोणी काही विचारलं असेल, तरी उत्तर द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

मशीन चालू करून मी बाजेजवळ बसले. काकूंच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं आणि कळ दाबली. कोपऱ्यातला दिवा लागला.

"मेलं नाही, मामा," मी काकूंच्या भावाला म्हणाले. "दिसून नाही राहिलं." कॉलेजात आल्यापासून मी तसं मोठ्यानं बोलले नव्हते.

फार काही बिघडलं नव्हतं. मशीन चालू होतानाच तो ड्रायव्हर टीव्ही आहे का ते पाहून घेई. सर आधी टीव्ही लावत, मग मशीन. घरच्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मी तसं केलं, आणि पिवळी चौकट 'अ' वर येऊन उभी राहिली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सरांचं नाव येईल. मी मन घट्ट केलं. चौकट फिरत राहिली. एकेक अक्षर, एकेक मात्रा. शेवटी पडद्यावर शब्द उभा राहिला.

जेवली?

मी मान हलवून नाही म्हटलं. भावाची बायको लगबगीनं उठली आणि ताट वाढून आणलं. दुःखाचं घर, कोणाचंच कशात लक्ष नव्हतं. भाजीत मीठ नव्हतं.

काकू पाहत होत्या. मी भाजी दोनदा घेतली.