बिरूमामांचा काळा फोटो

एका गुरुवारी सकाळी साडेनऊला, सांगलीत, मी एका माणसाची किडनी काळी केली...

घाबरू नका. माणूस चांगला खणखणीत राहिला. पण त्या सकाळी मला दरदरून घाम फुटला होता, तो अजून आठवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एकवीस-बावीसचा. दहावीत गणिताने अडवलं, पण टायपिंगच्या परीक्षा पास झालो होतो. त्या जोरावर एका मॅडमच्या सोनोग्राफी क्लिनिकमध्ये कॉम्प्युटरवर बसायला लागलो. पेशंटचं नाव, गाव, रिपोर्ट, सगळं टाईप करायचं आणि फ्लॉपीवर घ्यायचं. मी तीन फ्लॉप्यांवर घ्यायचो. एक बिघडली तर... आणि दुसरीही बिघडली तर?

कॉम्प्युटरमध्ये फक्त अक्षरं मावायची, चित्र नाही. मशीनही पुढचा पेशंट झोपला की आधीचं चित्र विसरायचं. उरायचा तो एकच, छोट्या चकचकीत कागदावरचा फोटो. तोही वर्षभरात पुसट व्हायचा. माझ्या जिवाला याचा फार घोर होता.

जतकडचे बिरूमामा म्हणून एक मेंढपाळ होते, साठीचे. आदल्या आठवड्यात आमच्याकडे त्यांच्या किडनीच्या नळीत मुतखडा निघाला आणि मिरजेच्या सर्जननी शुक्रवारचं ऑपरेशन ठरवलं. मामांनी फोटो माझ्याकडेच ठेवला होता. "तुमीच ठिवा सायेब. तळावर मेंढरं कागूद खात्यात," म्हणाले. गुरुवारी फोटो घेऊन ते मिरजेला जाणार होते. तारीख चुकली तर कळप पुढे निघणार, आणि मामा दुखणं घेऊन त्याच्या मागे.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सायेब म्हणालं होतं... त्या भरात मी ठरवलं, मामांच्या फोटोला लॅमिनेशन करून द्यायचं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नवीन मशीन आलं होतं.

फोटो आत गेला तेव्हा त्यावर किडनी होती, नळी होती, खडा होता. बाहेर आला तो काळाकुट्ट. कोपऱ्यातलं नावसुद्धा गायब. झेरॉक्सवाला उलटसुलट करून बघत म्हणाला, "काळा निघाला की वो! परत एकदा घालू का?"

त्या कागदावर चित्र उष्णतेनेच उमटतं, हे मला नंतर कळलं. लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली अख्खा कागदच उमटला होता.

मामा अकराला येणार होते. मी क्लिनिकमध्ये जाऊन आधी माफीनामा टाईप केला. दोन प्रती काढल्या, शुद्धलेखन दोनदा तपासलं. नोकरी गेलीच, हे धरून मॅडमसमोर कागद ठेवला आणि त्यावर तो काळा फोटो.

मॅडमनी आधी फोटो पाहिला, मग पत्र वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पेशंट तर काळा पडला नाही ना? मग परत काढू. येऊ देत त्यांना... आणि हे पत्र छान लिहिलंयस हं."

मामा आले. मी हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी फोटो उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "आरं, ही तर अमावास्या काढलीस की!" मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे लघवी साठेपर्यंत पाणी पीत बसले. सातव्या पेल्याला माझ्याकडे बघून म्हणाले, "तुज्या पायी आज मेंढरावानी पाणी पितुया बघ." मी आठवा पेला भरून दिला. दुसरं काय करणार...

मॅडमनी आत डावी बाजू दोन-तीनदा तपासली. मग मला हाक मारली, "यांचं मागचं रेकॉर्ड वाच."

मी स्क्रीनवरून वाचलं. डावी बाजू, नळीच्या खालच्या टोकाला सात मिलिमीटरचा खडा, किडनीला सूज.

"आता सूज नाही. खडाही दिसत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "मामा, मधे कधी जोरात दुखलं का?"

"मंगळवारी लय दुखलं. बाभळीखाली गडाबडा लोळलो. मग लघवीला टोचल्यागत झालं, आन् एकदम गार वाटलं. तवापासनं काय न्हाई."

"अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का?"

"तुमी इच्यारलं न्हाई की!"

खात्रीसाठी एक्स-रे काढला, त्यातही खडा नव्हता. मॅडमनी मिरजेला फोन लावला. ऑपरेशन रद्द झालं.

फोटो चांगला असता तर? मिरजेत कदाचित परत तपासलंही असतं, मला माहीत नाही. पण फोटो धड असता, तर आमच्याकडून मामा तसेच पुढे गेले असते, हे नक्की. मी तीन फ्लॉप्यांवर त्यांचा खडा जपून ठेवला होता आणि खडा मंगळवारीच बाभळीखाली पडून गेला होता.

जाताना मामांनी तो काळा फोटो मागून घेतला. "ह्यात काहीच दिसत नाही मामा," मी ओशाळून म्हणालो.

"तेच तर झ्याक हाय गड्या!" आणि फोटो खिशात टाकून एसटी स्टँडकडे चालायला लागले. आता मेंढरांनी खाल्ला तरी चालणार होता.

त्याच दुपारी मी मॅडमना विचारून रेकॉर्डमध्ये एक नवीन रकाना वाढवला... 'मधल्या दिवसांत काय झालं?' पेशंट परत आला की आधी हे विचारायचं. पुढे कॉम्प्युटर बदलले, चित्रंही आत मावायला लागली. तो रकाना मात्र मी दर वेळी नव्याने घालून घेतला.

त्यातली पहिली नोंद मामांची आहे. "मंगळवारी लय दुखलं, मग गार वाटलं." शब्द त्यांचेच ठेवले. मी इतका चिकित्सक, पण त्यातलं एक अक्षरही सुधारावंसं वाटलं नाही.