गाडीचा ताप

चूक माझीच होती आणि ती मी तीन वेळा लपवली. रायपूरच्या उरला या औद्योगिक भागाजवळच्या आमच्या बागेत फिरायला चार जाड चाकांची एटीव्ही आहे. कारखान्यांची काळी धूळ आत जाऊ नये म्हणून मी तिच्या रेडिएटरवर बायकोच्या जुन्या साडीचा दुहेरी तुकडा बांधत असे. इंजिन तापायचं. पण शहरातल्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या मिस्त्रीकडे नेण्यासाठी गाडी टेम्पोत चढवताना, तो हसेल म्हणून, मी तुकडा सोडून पिशवीत ठेवायचो. तिथे गाडी थंडगार.

हा मिस्त्री उलटा तळवा इंजिनजवळ धरून, डोळे मिटून ताप बघतो. मग डॉक्टरसारखं विचारतो, "भाऊ, काल काय पाजलं हिले?" त्याने कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पंखा उघडून पुन्हा बसवला. दर वेळी मी साळसूदपणे म्हणायचो, "बागेत गेली की पुन्हा तापते."

चौथ्या वेळी त्याने तळवा धरलाच नाही. "दुसऱ्याले दाखवा भाऊ. माह्या हातातलं गेलं आता," म्हणाला आणि समोर उघडून ठेवलेलं दुसऱ्याचं इंजिनही त्याने झाकून टाकलं.

मग मात्र मी पिशवीतला तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्याने तो काळाकुट्ट तुकडा उलटसुलट पाहिला. "काहून हो, थंडी वाजून राहिली होती का हिले?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मले काहून सांगता? ताप तिले आला होता. अन् हिंदीत बोला, पोट्टी रायपूरची आहे."

सगळं गॅरेज बघत असताना मी सीटवर हात ठेवला आणि म्हणालो, "माफ कर दो, दीदी."