जानेवारीतल्या मेंढरांची पावती

माझी बायको अंबिका म्हणते, लोक तुमच्याकडे खोटं बोलायला येतात आणि तुम्ही त्यांना ते नीट कसं बोलायचं ते शिकवता. मी तिला सांगतो, बाई, टॅक्स वाचवणं वेगळं आणि टॅक्स चुकवणं वेगळं. पहिल्याला कायद्याची परवानगी आहे, दुसऱ्याला शिक्षा. मग मधली रेघ कुठं आहे, असं ती विचारते. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षं मी त्या रेघेवरच खुर्ची टाकून बसलोय. औरंगपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, टॅक्स सल्लागाराची पाटी लावून. तिथंच मला मुंजाबा भेटला. त्याच्याविषयी लिहायचं तर आधी राजेंद्रचं पुराण सांगावं लागतं, याचा मला रागच येतो. पण इलाज नाही.

राजेंद्र माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पडेगावच्या बाजूला प्लॉट पाडून विकतो. प्लॉटची अर्धी किंमत कागदावर, अर्धी पिशवीत. पिशवीतला पैसा पांढरा करायला शेतीसारखं औषध नाही, कारण शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स लागत नाही. हा नियम ज्याच्या घरात दोन पोती ज्वारी येते त्याच्यासाठी केला असावा. त्याच्या सावलीत कोण कोण येऊन बसलंय हे मला पक्कं माहीत आहे, कारण बसायची जागा मीच दाखवतो. खुलताबादच्या पुढं राजेंद्रची वीस एकर जमीन आहे. तिथं आम्ही कागदावर अद्रक लावली. त्या वर्षी अद्रकीला भाव चढला होता. नव्वद लाख उत्पन्न दाखवलं आणि टॅक्स शून्य.

मग नोटीस आली. लागवडीचा पुरावा द्या, खर्चाच्या पावत्या द्या. बेण्याची पावती मिळाली, ट्रॅक्टरची मिळाली. आपल्याकडं पावत्यांना तोटा नाही. खत तेवढं राहिलं. राजेंद्र म्हणाला, "वैजनाथराव, एक धनगर माझ्या रानात मेंढरं घेऊन बसतो दरसाल. त्याची सही घेऊ."

मेंढरं रात्री मोकळ्या वावरात बसवली की त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, आणि शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे देतो, इतपत मलाही ऐकून माहीत होतं. मी त्या धनगराच्या नावानं पावती टाइप केली: वीस एकरांत मेंढरं बसवल्याचे दोन लाख रुपये मिळाले. तारीख कुठली टाकायची? नोटीस मार्चला संपणाऱ्या वर्षाची होती, म्हणून मी जानेवारी टाकली. आमच्या धंद्यात वर्षाला ऋतू एकच असतो, मार्चएंड.

तो धनगर म्हणजे मुंजाबा. राजेंद्रबरोबर आला तो बूट हातात घेऊन. साठीच्या पुढचा, उंच, शर्टाला इस्त्रीची घडी दिसणारा. मोबाइलला लोकरीचा दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. खुर्चीवर बसला आणि बराच वेळ माझ्या मागच्या कपाटाकडं बघत राहिला.

"एकशे बारा हायती," तो म्हणाला.

"काय?"

"फायली. सवय हाय, साहेब. समोर कायबी आलं की मोजतो."

मी हसलो. पावती त्याच्यासमोर ठेवली, पेन दिलं. त्यानं पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचली.

"जानेवारी म्हंजी पौष," तो म्हणाला. "व्हय, पौषात आमची मेंढरं तिथंच होती."

राजेंद्र खूश झाला. "मग झालं तर. कर सही."

"पर मालक, अद्रक व्हती म्हणता. अद्रक तर संक्रांतीला वावरात उभी असती. मग मेंढरं काय अद्रकीवर बसवली?"

सगळ्या खोट्या कागदांत मी चुकून एकच गोष्ट खरी लिहिली होती, आणि तीच नेमकी आमच्या मुळावर आली. मेंढरं खरंच जानेवारीत तिथं होती, कारण अद्रक तिथं नव्हतीच. रान चार वर्षं पडीक होतं.

राजेंद्र सावरला. "तारीख बदला, वैजनाथराव. मे टाका. लागवडीच्या आधीची."

"मेमधीबी व्हती," मुंजाबा म्हणाला. "पर दोन लाख नव्हतं मिळालं. तुमी चराई घेत नाय, मी बसवायचं घेत नाय. बरोबरी हाय आपली."

"मुंजाबा, सही करायची असंल तर कर. नायतर दिवाळीनंतर मेंढरांना दुसरं रान बघ."

धमकी साधी नव्हती. एकशे चाळीस मेंढरं, दिवाळीपासून पावसापर्यंत वीस एकर मोकळं रान आणि शेजारी पाण्याची विहीर. त्या भागातली निम्मी रानं प्लॉटवाल्यांनी तारा ठोकून बंद केलीत. असं रान पुन्हा मिळणं अवघड, हे मलाही कळत होतं. तरी मी काय बोललो? "नुसती सही आहे, मुंजाबा. तुमच्यावर काही येणार नाही." हे वाक्य आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

मुंजाबा राजेंद्रकडं नाही, माझ्याकडं बघून बोलला.

"वकीलसाहेब, लई वर्सांमागं दुष्काळ पडला व्हता. आमचे पाच वाडे, म्हंजी मेंढक्यांची बिऱ्हाडं, वैजापूरच्या अंगाला एकत्र बसले. पाण्याचा टँकर सगळ्यांत मिळून. ज्याची जितकी मेंढरं, त्यानं तितके पैसे भरायचे. मोजायला कुणी यायचं नाय, ज्यानं त्यानं आपला आकडा सांगायचा. मी तीस कमी सांगितली."

"मग?"

"मेंढरू काय खिशात बसतं का? पाणी तर ती पिणारच. टँकर आकड्यापरमानं आला अन् कमी पडला. हौदावर सगळ्यात शेवटी सुरेखाबाईचा नंबर. बाईला नवरा नव्हता. तिची सहा मेली."

राजेंद्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी विचारलं, "तुम्ही भरून दिली?"

"दिली. पर का मेली ते नाय सांगितलं. तिनं मला हात जोडले. म्हणली, मुंजाबा, तू देवमाणूस हायेस." मग कपाटातल्या फायलींकडं बघत म्हणाला, "तवापासून मोजतो. जे दिसंल ते."

त्यानं पावती माझ्याकडं सरकवली आणि उठला. दारात बूट घालताना म्हणाला, "साहेब, तुमी तुमची सगळी मोजता का?"

"माझ्याकडं कुठली मेंढरं?"

"तसं नाय," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी मे महिन्याची पावती केली नाही. राजेंद्रला म्हणालो, खरं उत्पन्न दाखव, दंड भर, मोकळा हो. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. निम्मी भीती होती, अधिकाऱ्याला पिकाची नोंद काढायला वेळ लागत नाही. निम्मं काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. राजेंद्रनं फाइल उचलली आणि दुसऱ्या सल्लागाराकडं नेली. माझ्या फीचा तिसरा हिस्सा त्या फायलीबरोबर गेला. दिवाळीआधी त्यानं वीस एकरांना तारेचं कुंपण घातलं. आत काहीच नाही, नुसतं गवत.

माघात दौलताबादकडं जाताना पडेगावच्या पुढं रस्त्याच्या कडेला मेंढरं दिसली. गाड्यांची धूळ अंगावर घेत वाळकं काहीतरी शोधत होती. मी गाडी थांबवली. मुंजाबानं ओळखलं.

"तुमचं गिऱ्हाईक गेलं म्हणं?"

"गेलं."

"मग तुमालाबी आता रान बघावं लागंल," तो म्हणाला आणि मनापासून हसला. मलाही हसू आलं. मग मी मेंढरांकडं पाहिलं. मला मोजता येत नाही, पण कळप कमी वाटला.

"अकरा इकली," तो म्हणाला. "चारा इकत घ्यावा लागतो. एकशे एकोणतीस ऱ्हायली." कुणाबद्दल तक्रार केली नाही. आकडा तेवढा सांगितला. मग कॅनमधून तांब्याभर पाणी काढून माझ्यापुढं धरलं. मी प्यालो आणि तांब्या परत दिला.

जुलैत मी माझं स्वतःचं रिटर्न भरायला घेतलं. माझी निम्मी फी रोख येते, आणि सव्वीस वर्षं ती रोखच राहिली होती. मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. यंदा डायरी काढली आणि एकेक आकडा लिहीत गेलो. टॅक्स एक लाख चाळीस हजारांनी वाढला. लई जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

बँकेचा मेसेज अंबिकेनं वाचला. "यंदा एवढा कसा?"

मग तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं, पावतीपासून तांब्यापर्यंत. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती. शाबासकी मिळेल असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो.

"तुमची तर मोजून झाली," ती म्हणाली. "अन् त्याची अकरा?"

रिटर्नचा फॉर्म अजून स्क्रीनवर उघडा होता. मी तो वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. त्या अकरांसाठी त्यात रकाना नव्हता.