तानाबाईचं लुगडं

उज्वलाला स्वस्थ बसता येत नाही, हे तिच्या घरचे वैतागून सांगतात. गॅस बंद केला का, हे बघायला ती फाटकापासून तीनदा परत येते. असल्या बाईला एका प्रयोगशाळेनं हवेतली धूळ मोजायच्या कामावर घेतलं, हे मात्र बरं केलं.

वर्ध्यात बाजारामागची जुनी तीन मजली इमारत पाडायला घेतली, तेव्हा तिचं यंत्र शेजारच्या तानाबाईच्या अंगणात बसलं. दिवसभर ते हवा ओढायचं, धूळ आतल्या कागदावर साचायची. उज्वला रोज सकाळी सिंदी मेघेहून स्कूटीवर यायची, कागद बदलायची आणि जुना वजनाला न्यायची. धूळ जास्त भरली तर ठेकेदाराला पडदे लावून, पाणी मारूनच पाडकाम करावं लागणार होतं.

चार दिवस कागद पांढराफटक निघाला. उज्वलानं चार अहवालांवर सही केली आणि ठेकेदारानं कोरडंच पाडणं चालू ठेवलं. पण तिचे डोळे चुरचुरत होते, दातांत रेती करकरत होती. यंत्र तर दोनदा तपासून झालेलं. जेवता जेवता उठून ती जुन्या नोंदी चाळायची. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटत राहिलं.

पाचव्या दिवशी ती न सांगता भरदुपारीच आली. भिंत कोसळत होती, समोरचं माणूस दिसत नव्हतं. आणि अंगणात तिचं यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळून वरून सुतळीनं बांधलेलं!

"मावशी, हे काऊन बांधलं?"

"अवं बाई, एवढी महागाची मशीन! तोडफोड सुरू झाली का मी झाकून देतो, संध्याकाळी काढतो. लोकाची वस्तू आपल्या दारात हाय, खराब होऊ देऊ का?"

उज्वला चिडली, पण चिडायचं कुणावर? तिनं लुगडं सोडलं. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतच बाजेवर पडलेले कवडू, तानाबाईचे यजमान, खोकायला लागले ते थांबेचनात.

"त्यायले दमा हाय. चार दिसापासून असेच खोकलून राह्यले."

चार दिवस उज्वला या बाजेजवळूनच गेली होती. यंत्राकडे बघितलं, माणसाकडे नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कागद राखेसारखा निघाला. तिनं तिथूनच ऑफिसात फोन करून आधीचे चारही अहवाल रद्द करायला लावले. दुपारी पाडकाम थांबलं, पण धूळ अजून हवेत होतीच. तानाबाई तो कागद हातात धरून बसली होती.

"हे एका दिसाचं?"

"हो."

"अन् यायच्या छातीत पाच दिसाचं." ती बाजेकडे बघत राहिली. "मी मशीन झाकली वं. यायले नाई झाकलं."

"मावशी, तुमचं नाई चुकलं. सह्या माह्या होत्या."

तानाबाईला सह्यांचं काही कळलं नाही. तिनं लुगडं बादलीत बुचकळलं, पिळलं आणि एक टोक उज्वलापुढे केलं.

"धर, दाराले बांधू."