शेवट न बघितलेले सिनेमे

गेल्या महिन्यात एका दुपारी सुनीताचा फोन आला. "आई गेली गं," म्हणाली, आणि रडता रडताच सांगायला लागली. जेवण झालं होतं, टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा चालू होता, खलनायकाच्या अड्ड्यावर सगळे जमले होते, आता मारामारी सुरू होणार तेवढ्यात आईने खुर्चीतच मान टाकली. "म्हणजे शेवट नाहीच बघितला?" माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मग आम्ही दोघी भर दुःखात अशा हसत सुटलो की आमचे हे आतून धावत आले. सुनीताच्या आईने, म्हणजे आमच्या इंदूकाकीने, थिएटरात जाऊन ढीगभर सिनेमे पाहिले, पण एकाचाही शेवट तिने कधी बघितला नव्हता. जाताना तरी नियम कशाला मोडेल!

इंदूकाकी माझी सख्खी काकी नव्हे. ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आमची दुमजली चाळ होती, त्यात आमच्या शेजारची खोली तिची. माहेर कुडाळकडचं, वडील दशावतारात राजाचं काम करायचे. चाळीतल्या बाकीच्या बायकांना सिनेमाला जायला सवड नसायची, सवड असली तर घरून परवानगी नसायची. काकीचा नवरा पाळीवर कामाला आणि स्वभावाने गरीब, त्यामुळे नवा सिनेमा लागला की दुपारच्या खेळाला काकी आम्हा सगळ्यांच्या वतीने जायची. संध्याकाळी नळाला पाणी यायच्या आत परत. मग पाणी भरून झालं की जस्ताची बालदी गॅलरीत उपडी घालून तिच्यावर बसायची आणि सांगायला सुरुवात. भाजी निवडायच्या परड्या घेऊन बायका भोवती, पोरंटोरं कठड्यावर, आणि पुरुष मंडळी आपापल्या दारात, ऐकत नसल्याचं सोंग करत!

आणि सांगायची तरी कशी! नुसती गोष्ट सांगणं तिला माहीतच नव्हतं. दर दोन वाक्यांनी थांबायची आणि विचारायची, "पण कित्याक?" म्हणजे, पण का? हिरोची आई वर्षानुवर्षं एकाच देवळाच्या पायरीवर बसते, मुलगा रोज त्याच देवळात येतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. कित्याक? गोळी लागलेला मित्र मांडीवर डोकं ठेवून अख्खं गाणं म्हणतो, पण खुन्याचं नाव तेवढं सांगायचं विसरतो. कित्याक? मात्र तिचं खरं डोकं फिरायचं ते दाराआड अर्धं बोलणं ऐकून, काही न विचारता गाव सोडून जाणाऱ्या हिरोवर. "अरे मेल्या, एक वाक्य इचार! सिनेमो इंटरव्हललाच संपतलो!" असं ती भिंतीकडे बघून ओरडायची, जणू तो मेला तिथेच उभा होता.

पण नुसती नावं ठेवून ती थांबत नसे, दुरुस्तीही करायची. "आमच्या दशावतारात लिवलेला काय नसता," ती सांगायची. "पात्र अडला, तर तेना उभ्या उभ्या सोडवूचा लागता." त्या न्यायाने तिने सिनेमातली कितीतरी अडलेली पात्रं सोडवली. देवळातल्या आईने नवस म्हणून डोळ्यांपर्यंत पदर ओढलेला असायचा, मरणाऱ्या मित्राचा खुनी त्याचाच सख्खा भाऊ निघायचा, म्हणून त्याची जीभ रेटत नसायची. असे सीन ती नाटकासारखे बसवायची आणि आम्हा मुलींना कामं वाटून द्यायची. मला हुकमी रडता येत असे, म्हणून हिरॉईन बहुधा मीच.

हे सीन सिनेमात नाहीत असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एकदा शेवटच्या खोलीतले पारकर काका बायकोला घेऊन रविवारचा सिनेमा बघून आले ते लालबुंद होऊन. हिरॉईन जिवंत असल्याचं डॉक्टर का लपवतो, याचा काकीने सांगितलेला झकास शपथेचा सीन तिथे नव्हताच! काका सरळ मॅनेजरच्या खोलीत शिरले होते. "रीळ कापता काय? डॉक्टरची शपथ कुठे गेली?" मॅनेजर बिचारा म्हणतोय, कसली शपथ? तेवढ्यात आमच्याच चाळीतल्या आणखी दोघांनी साक्ष दिली, आणि मग आमच्याशी काही संबंध नसलेले प्रेक्षकही 'शपथ दाखवा' म्हणून ओरडायला लागले. काकीला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान खाली घालून इतकी गदागदा हसली की सूपभर तांदूळ गॅलरीत सांडले.

खरा प्रकार मला कळला तो एकदा हट्टाने तिच्याबरोबर गेले तेव्हा. पडद्यावर कोर्ट भरलेलं, हिरो फाशी जायच्या बेतात, माझा जीव मुठीत... आणि काकीने दंडाला धरून उठवलं. "चल, पाणी येतला." मी म्हटलं, "अगं काकी, शेवट?" ती चपला शोधत म्हणाली, "शेवट वाटेत करूया." आणि खरोखर, थिएटरपासून चाळीपर्यंतच्या रस्त्यात, भाजीच्या गाड्या चुकवत, तिने त्या हिरोला सोडवला! न्यायाधीशाला पाझर फोडला, आंधळ्या बहिणीचं लग्नही लावून दिलं. नंतर कधीतरी मी त्या सिनेमाचा पडद्यावरचा शेवट पाहिला. शपथेवर सांगते, काकीचा उजवा होता.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. कुर्ल्याचं स्थळ, मुलगा प्रकाश, तोही आमच्यासारखाच कोकणातला. दोनदा भेटलो होतो. कमी बोलायचा, पण माझं बोलणं ऐकताना हसायचा. मला तो फार आवडला होता. तेव्हा हे कुणाला सांगायची सोय नव्हती, आता बिनधास्त सांगते. आणि एक दिवस मध्यस्थ मामांकडून निरोप आला, मुलाकडचे नको म्हणतात. कारण? काही नाही. चाळीने मात्र कारणांचा पाऊस पाडला. कुणी म्हणालं पत्रिका, कुणी म्हणालं रंग, कुणी म्हणालं त्याचं दुसरीकडे असेल. आईने अंथरूण धरलं. मी काकीच्या खोलीत जाऊन रडले, आणि हे रडणं हुकमी नव्हतं. म्हटलं, "काकी, तू सगळ्यांचं सोडवतेस. सांग ना, तो असा का वागला?" काकीने माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "सिनेमातल्याक इचारूक मिळणा नाय, म्हणान मी जोडतंय. हो प्रकाश तर जितो आसा मा? मगे तेकाच इचारूया." आणि एकदम ताडकन उभी राहिली. "गो, त्या दिवशी फणसाचे गरे कोणी हाडले?"

मला आठवलं. थोड्या दिवसांपूर्वी जिन्याच्या कठड्याला गऱ्यांनी भरलेली पिशवी टांगलेली सापडली होती. मे महिना, कुणाच्या तरी गावाहून आले असतील म्हणून सगळ्या चाळीने मिटक्या मारत खाल्ले. एकटी काकी विचारत राहिली होती, "पण पिशवी इली खयसून?" आता तिने मला हाताला धरून खाली उतरवलं आणि कुर्ल्याच्या बसमध्ये बसवलं. आईला विचारणं नाही, साडी बदलणं नाही.

प्रकाश घरीच होता. दारातच काकीने तोफ डागली. "तू फणस घेवन इललंस. जिन्यात काय ऐकलंस?" त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. माझं वाक्य, जसंच्या तसं, मधल्या हुंदक्यासकट! 'हे लग्न मला नकोय गं, बाबांच्या शब्दाखातर हो म्हटलंय.' फणस आला त्या संध्याकाळी आम्ही गॅलरीत केलेला सीन होता तो! त्या सिनेमातली हिरॉईन नावडत्या मुलाशी लग्नाला का उभी राहते हे काही केल्या पटेना, म्हणून काकीनेच तो बसवला होता. काकी त्या सिनेमाचं नाव घेऊन कडाडली, "अरे, सिनेमातलो सीन तो!" तेव्हा प्रकाशने पहिल्यांदा मान वर केली. "काकी, तो सिनेमा मी दोनदा बघितलाय. त्यात असा सीनच नाहीये."

इंदूकाकीने कपाळावर हात मारून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं, "तो मीच जोडलंय."

पण संकट संपलं नव्हतं. प्रकाशची आई आतून म्हणाली, "गॅलरीत नाटकं करणारी सून आमच्या घरात नको." काकीने पदर खोचला, स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लोटून घेतलं. बाहेर आम्ही दोघंच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्याने विचारलं, "खरंच नको होतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "हवं होतं." बस, एवढंच. सिनेमा संपला! थोड्या वेळाने दार उघडलं. त्याची आई डोळे पुसत बाहेर आली, हातात साखरेची वाटी. आणि मागून काकी, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

आत काय झालं, हे काकीने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "सांगान कधीतरी." सासूबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या. "ती बाई म्हणजे..." म्हणायच्या आणि पुढे नाहीच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. काकी होती, म्हणून मला वाटायचं, विचारू सावकाश. आता तीही गेली. मला तिची फार आठवण येते, आणि आठवण येते तीसुद्धा त्या बंद दारासकट.

तेराव्याला आम्ही दोघं सुनीताकडे गेलो होतो. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, त्यात वरच्या मजल्यावर तिचं घर. जेवणं झाल्यावर गॅलरीत गेले तर कोपऱ्यात ती जस्ताची बालदी, कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेली. सुनीताची नात ओवी माझ्या मागे आली. तिला अर्धी गोष्ट ठाऊक होती. "आजी, पणजीने दार लावून त्यांना काय सांगितलं?" मी म्हटलं, "माहीत नाही गं. सांगणाऱ्या दोघीही गेल्या." ती म्हणाली, "मग आता कोणाला विचारायचं?"

मी चिमटे खाली ओतले. बालदी उपडी घातली आणि तिच्यावर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. "दार लोटल्यावर काकीने आधी काय केलं," मी म्हटलं, "तर स्टोव्हवरचं दूध खाली उतरवलं." ओवी म्हणाली, "का?" मी अडले. एक क्षणच... आणि मग सुचायला लागलं, भराभर, मलाच आवरेना. आतून सुनीता आली, तिच्या मागून शेजारच्या बायका आल्या. इतक्यात हे दाराशी येऊन उभे राहिले.

"थांब," म्हणाले. "पहिल्यापासून सांग. मला अर्धं ऐकायचं नाहीये."