निरगाठ

आमच्या गावात, धावड्यात, शेजारचे मामा कुणाच्याही गोठ्यात शिरायचे आणि जनावरांची दावी तपासायचे. न सुटणारी निरगाठ दिसली की मालकाला चारचौघांत झापायचे. "सुरगाठ मारत जा की, येड्या! जनावराला फास बसला, तर एका हिसक्यात सुटाया पाहिजे. बराबर हाय का न्हाई?" समोरचा 'बराबर' म्हणेपर्यंत ते हलत नसत. सगळे त्यांना वैतागत, मीही.

मग मामांच्या गळ्यात कॅन्सर निघाला. शहरातल्या डॉक्टरने इलाज संपला म्हणून सांगितलं आणि नाकातून नळी घालून घरी धाडलं. पाण्याचा घोट उतरेना, दुखणं सोसवेना. येईल त्याला ते घोगऱ्या आवाजात म्हणत, "मला कशाला जगवू राह्यले? नळी काढा, मंग जातो मी. बराबर हाय का न्हाई?"

कुणी बराबर म्हणेना. "असं बोलू नये मामा, पाप लागतं," एवढं सांगून चहा मात्र पिऊन जात.

एका दुपारी मामांनी स्वतःच नळी उपसली. भावकी मुलावर तुटून पडली. मुलाने नळी पुन्हा बसवून आणली आणि बापाचे हात खाटेला बांधले. मामांनी मान वळवून गाठ पाहिली.

"निरगाठ मारली का रे?"

त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत.

गेले तेव्हा भावकी अंगणात हळहळली, "सुटले बिचारे."

सुटले कुठे? हात मोकळे करायला विळा आणावा लागला.